माझे पहिले पॅकेज आणि त्याची कसोटी

(नभोवाणीवरील भाषण)

श्रोतेहो, ज्याने आयुष्याची तीस वर्षे दुसऱ्यांच्या उत्तरपत्रिका तपासण्यात घालविली, त्याच्यावर उतारवयात स्वतःची उत्तरपत्रिका तपासून घेण्याची पाळी आली तर त्याची काय अवस्था होते, हे मी आज आपल्याला सांगणार आहे. इंदूरच्या एका महाविद्यालयात मी संख्याशास्त्र शिकवीत असे. सेवानिवृत्तीनंतर वेळ मुबलक मिळाला आणि सूनबाईंनी आपला जुना लॅपटॉप घरी ठेवून दिला. या दोन गोष्टी एकत्र आल्या आणि मी परदेशातील एका विद्यापीठाच्या, घरबसल्या करावयाच्या अभ्यासक्रमात नाव घातले. शेवटी एक गृहपाठ होता. आर नावाच्या संगणकभाषेत एक पॅकेज बांधावयाचे, त्याच्या चाचण्या लिहावयाच्या आणि ते अनोळखी सहाध्यायांच्या हाती तपासणीसाठी द्यावयाचे. त्यातील पाच फंक्शने शिक्षकांनी तयारच दिली होती. मला वाटले, दोन संध्याकाळींचे काम आहे. प्रत्यक्षात सहा आठवडे लागले.

आर ही भाषा मुळात आकडेमोड करणाऱ्यांची. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोघा अध्यापकांनी ती आरंभिली आणि १९९३ साली प्रथम लोकांपुढे ठेवली. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७६ साली जन्मलेल्या एस या भाषेचा तिच्यावर मोठा संस्कार आहे. दोघांच्याही नावांचे आद्याक्षर आर, म्हणून भाषेचे नावही तेच. पहिली पक्की आवृत्ती निघाली ती २९ फेब्रुवारी २००० या दिवशी. चार वर्षांतून एकदा येणारी ही तारीख शतकाच्या वर्षी बहुधा येतही नाही. २००० साली आली, कारण त्या आकड्याला चारशेने भाग जातो. हिशेबी माणसांनी आपल्या बाळाचा वाढदिवस असा निवडावा, यात मला त्यांचा स्वभाव दिसतो. ही भाषा फुकट मिळते आणि तिच्यासाठी जगभरच्या लोकांनी रचलेली वीस हजारांहून अधिक पॅकेजे १९९७ साली सुरू झालेल्या एका सामायिक भांडारात ठेवलेली आहेत. त्यांतले कोणतेही आपण घरी उतरवून घेऊ शकतो.

आता पॅकेज म्हणजे काय? आपल्या घरी सणाला एखादा पदार्थ उत्तम होतो. तो सासूबाई अंदाजाने करतात, मीठ चवीपुरते आणि तूप हाताला येईल तेवढे. त्यांच्या हयातीत सारे सुरळीत चालते. पण तोच पदार्थ बडोद्याला दिलेल्या लेकीने करावा असे म्हटले, की माप लिहावे लागते, क्रम लिहावा लागतो, कोणते जिन्नस बाजारातून आणावयाचे ते लिहावे लागते, आणि पाक बिघडला तर कसा ओळखावा तेही लिहावे लागते. फंक्शन म्हणजे ती कृती, आणि पॅकेज म्हणजे दुसऱ्या गावी पाठविता येईल अशा रीतीने बांधलेली ती कृती, मापासह आणि टाचणासह. एका ठरावीक नावाच्या फाइलमध्ये पॅकेजचे नाव, कर्ता, आवृत्ती आणि ज्यांच्यावाचून त्याचे चालत नाही अशा इतर पॅकेजांची यादी द्यावयाची. कृती एका कप्प्यात, मदतीचा मजकूर दुसऱ्यात, चाचण्या तिसऱ्यात. या मांडणीत आपली मर्जी चालत नाही, आणि ते योग्यच आहे.

गृहपाठातली आकडेवारी मात्र सणासुदीची नव्हती. अमेरिकेत रस्त्यांवरील प्राणघातक अपघातांची एक मोठी नोंदवही १९७५ सालापासून ठेवली जाते. नॅशनल हायवे ट्रॅफिक सेफ्टी ॲडमिनिस्ट्रेशन हे तेथील सरकारी खाते ती ठेवते, आणि तिच्या लांबलचक नावाची आद्याक्षरे जोडली की 'फार्स' असा उच्चार होतो. आपल्याला त्या शब्दाने रंगभूमीवरील धमाल आठवेल, मलाही आठवली, आणि पहिली फाइल उघडताच ते हसू मावळले. २०१३ सालच्या त्या फाइलमध्ये ३०,२०२ ओळी होत्या. प्रत्येक ओळ म्हणजे एक अपघात, आणि अट अशी की त्यात निदान एक माणूस गेलेला असला पाहिजे. महिना, वार, तास, राज्याचा क्रमांक, अक्षांश, रेखांश असे पन्नास रकाने. नाव कोणाचेही नाही.

त्या नोंदवहीचा एक नियम वाचून मी बराच वेळ थांबलो. अपघातानंतर तीस दिवसांच्या आत मृत्यू झाला, तरच तो अपघात येथे धरावयाचा. कोठे तरी रेघ ओढलीच पाहिजे, हे संख्याशास्त्राच्या शिक्षकाला कोणी शिकवावयास नको. पण आमच्या गल्लीतील एका गृहस्थांना २०१९ साली देवासच्या रस्त्यावर ट्रकची धडक बसली आणि ते चौतिसाव्या दिवशी गेले. त्यांच्या उशाशी मी पुष्कळ रात्री बसलो होतो. हा नियम लावला तर ते त्या वहीत आले नसते. नियम चूक आहे असे माझे म्हणणे नाही. ज्या आकड्यांशी मी खेळावयास बसलो होतो, त्यांच्या आत आणि बाहेर माणसे आहेत, एवढे मला त्या दिवशी उमगले आणि गृहपाठाकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली.

दिलेली फंक्शने साधी होती. एक वर्षावरून फाइलचे नाव तयार करी आणि दुसरे फाइल वाची. तिसरे अनेक वर्षांच्या फाइली एकत्र घेई, चौथे महिनावार बेरीज मांडी, आणि पाचवे एखाद्या राज्याचा नकाशा काढून त्यावर अपघातांचे ठिपके टाकी. मी ती पॅकेजमध्ये घातली, प्रत्येकाच्या डोक्यावर मदतीचा मजकूर लिहिला आणि माझ्या लॅपटॉपवर चालवून पाहिली. महिन्यांचा तक्ता झरझर आला. जानेवारीत २०१३ साली २,२३० अपघात, २०१४ साली २,१६८, २०१५ साली २,३६८. मला धन्य वाटले. दिवाळीला मुलगा आणि सूनबाई हैदराबादेहून आली होती. सूनबाई संगणकाच्याच व्यवसायात आहेत. मी मोठ्या ऐटीत पॅकेज त्यांच्या यंत्रावर चढवावयास दिले.

"नाना, हे म्हणतंय की फाइलच नाही," त्या म्हणाल्या.

"असं कसं? आत्ता माझ्याकडे चालत होतं."

"तुमच्याकडे चालतं, याला पुरावा म्हणत नाहीत नाना."

आकडेवारीची फाइल माझ्या लॅपटॉपच्या ज्या कप्प्यात बसून मी काम करीत होतो, त्याच कप्प्यात पडलेली होती. फंक्शन तिला शेजारीच शोधी आणि ती सापडे. दुसऱ्याच्या घरी तो कप्पाच नव्हता. आपल्या स्वयंपाकघरात हिंगाची डबी कोठे आहे हे हाताला ठाऊक असते, म्हणून कृतीत 'हिंग घ्या' एवढे लिहिले की भागते. परक्या स्वयंपाकघरात डबीच नसेल तर काय? यावर तोड अशी, की फाइल पॅकेजच्या पोटातच एका नेमलेल्या जागी ठेवावयाची आणि फंक्शनने ती 'पॅकेज जेथे बसविले असेल तेथून' शोधावयाची. मी तसे केले. त्यानंतर आर भाषेतील तपासणीची जी अधिकृत आज्ञा आहे, तीही चालविली. ही आज्ञा म्हणजे मोठी खट परीक्षक आहे. फाइलींची मांडणी, मदतीच्या मजकुरातील नावे आणि फंक्शनमधील नावे यांचा मेळ, उदाहरणे चालतात की नाही, चाचण्या उतरतात की नाही, असे सारे ती एका दमात पाहते आणि शेवटी तीन सदरांत निकाल लावते : एरर, वॉर्निंग आणि नोट. माझा पहिला निकाल होता दोन एरर, एक वॉर्निंग, चार नोट. तीस वर्षे ज्याने इतरांना गुण दिले, त्याला हा आकडा फार झोंबला.

नोटांपैकी एकीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. ओळी मोजणारे एक चिमुकले फंक्शन मी वापरले होते, त्याचे नाव केवळ 'एन'. ते माझे नव्हते, दुसऱ्या एका पॅकेजातले होते. माझ्या यंत्रावर ते पॅकेज सकाळपासून उघडेच असे, म्हणून 'एन' हाकेला ओ देई. तपासणीने विचारले, हे 'एन' कोण? शेजाऱ्याकडून न विचारता आणलेली वाटी ती, आपल्या घरात इतके दिवस राहिली की आपलीच वाटू लागली. कोणाकडून काय उसने घेतले ते पॅकेजमध्ये नावानिशी लिहावे लागते. मी लिहिले, आणि एक नोट कमी झाली.

आता चाचणीकडे येतो, कारण खरा धडा तेथे मिळाला. मराठीत आपण कसोटी म्हणतो तो मुळात एक काळा दगड आहे. येथील सराफ्यात आजही जुन्या पेढीवर तो पाहावयास मिळतो. सराफ दागिना त्यावर घासतो आणि उमटलेल्या रेघेवरून सोन्याचा कस सांगतो. आर भाषेत चाचण्या लिहिण्यासाठी 'टेस्टदॅट' नावाचे पॅकेज आहे. हॅडली विकम या संख्याशास्त्रज्ञाने ते रचले. त्यात आपण वाक्य लिहितो : अमुक दिले असता अमुक यावे अशी अपेक्षा आहे. अपेक्षा पुरी झाली की यंत्र गप्प राहते. न झाल्यास काय अपेक्षित होते आणि काय आले, ते समोरासमोर मांडते.

माझी पहिली चाचणी काय होती, हे सांगावयास संकोच वाटतो. मी फंक्शन चालविले, उत्तर आले, तेच उत्तर उचलून 'हेच यावे अशी अपेक्षा आहे' असे लिहिले आणि चाचणी उतरली म्हणून खूष झालो. परीक्षार्थ्यानेच आपले उत्तर आदर्श उत्तर म्हणून छापावे, त्यातलाच हा प्रकार. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरावयास गेलो असता हे ध्यानात आले आणि मी रस्त्यातच हसलो. अपेक्षा फंक्शनच्या बाहेरून आली पाहिजे. म्हणून फाइलमधील ओळी मी निराळ्या साधनाने मोजल्या, ३०,२०२ भरल्या, आणि चाचणी लिहिली की २०१३ सालच्या बाराही महिन्यांची बेरीज एवढीच यावी. कोणताही महिना गळाला किंवा कोणतीही ओळ दोनदा धरली गेली, तर ही चाचणी ओरडेल.

पण प्रत्येक धातूला सोनेच म्हणणारा दगड काय कामाचा? सराफ मधून मधून पितळही घासून पाहतो. तशी मुद्दाम खोटी माहिती देऊन फंक्शन तिला खोटी म्हणते की नाही, हे पाहावे लागते. अमेरिकेतील राज्यांना जे क्रमांक दिलेले आहेत, त्यांत १ अलाबामा, २ अलास्का आणि एकदम ४ ॲरिझोना. तीन क्रमांकाचे राज्य त्या नोंदवहीत नाही. मी नकाशाच्या फंक्शनला ३ दिला. त्याने 'हा क्रमांक अवैध आहे' असे म्हणून काम थांबविले. ठीक. मग वर्ष २०१३ ऐवजी १९१३ दिले, म्हणजे ज्या काळी ही वही अस्तित्वातच नव्हती. तेथे निराळा अनुभव आला. १९१३, २०१४ आणि २०१५ अशी तीन वर्षे मागितली असता फंक्शन थांबले नाही. 'अवैध वर्ष' अशी हलकीशी सूचना पुटपुटून त्याने उरलेल्या दोन वर्षांचा तक्ता सुबकपणे मांडून दिला. सूचना वाचली नाही, तर एक संपूर्ण वर्ष वगळले गेले याचा पत्ता लागू नये. हे वर्तन मी बदलले नाही, कारण गृहपाठात ते तसेच अपेक्षित होते. परंतु ती सूचना निघतेच निघते, अशी चाचणी मात्र लिहिली. तीही निघेनाशी झाली, तर मग काहीच उरले नाही.

सर्वांत मोठा घोटाळा नकाशात सापडला. नोंदवहीत अपघाताची जागा अक्षांश-रेखांशांनी लिहिलेली असते. जेथे जागा कळलेली नाही, तेथे रकाना मोकळा सोडीत नाहीत, एक सांकेतिक आकडा घालतात. नोंदवहीच्या माहितीपुस्तकात असे तीन संकेत आहेत. जागा कळविलीच नाही तर रेखांशाच्या रकान्यात ७७७.७७७७, जागा उपलब्ध नाही तर ८८८.८८८८ आणि अज्ञात म्हणून कळविली तर ९९९.९९९९. अक्षांशासाठी ७७.७७७७, ८८.८८८८ आणि ९९.९९९९. माझ्या हाती आलेल्या फंक्शनमध्ये नियम होता : रेखांश नऊशेहून अधिक असेल, किंवा अक्षांश नव्वदाहून अधिक असेल, तर तो रिकामा समजा. नऊ नऊंचा संकेत या चाळणीत अडकतो. पण सात सात आणि आठ आठ? ते नऊशेच्या आणि नव्वदाच्या आतच आहेत. ते सुखाने पलीकडे जातात.

हे मी कागदावर ताडले होते. चाचणीने सिद्ध करावयाचे तर अडचण अशी, की चाळणी आणि नकाशा एकाच फंक्शनमध्ये एकजीव केलेले, आणि काढलेल्या चित्राला 'हे बरोबर आहे का' असे यंत्राकरवी विचारणे सोपे नसते. म्हणून मी चाळणीचे काम तोडून त्याचे वेगळे फंक्शन केले. चाचणी लिहावयाची म्हटले की कामाची वाटणी नीट करावीच लागते, हा तिचा एक लाभ मी आधी कोठे ऐकला नव्हता. मग चार ओळींचा एक लहानसा तक्ता हाताने तयार केला. एक खरी जागा आणि तीन सांकेतिक. अपेक्षा लिहिली, तीन जागा रिकाम्या व्हाव्या. यंत्राने उत्तर दिले : अपेक्षित तीन, प्रत्यक्षात एक. श्रोतेहो, चाचणी नापास झाल्याचा एवढा आनंद मला पूर्वी कधी झाला नव्हता.

ही चूक निरुपद्रवी नाही. अमेरिकेचे रेखांश पश्चिमेचे, म्हणजे ऋण चिन्हाचे. नकाशाची चौकट हे फंक्शन आकडेवारीतील लहानात लहान आणि मोठ्यात मोठ्या आकड्यांवरून ठरविते. त्यात ७७७ घुसला की चौकट इतकी फुगते की राज्य एका कोपऱ्यात ठिपक्याएवढे होऊन बसते. ते निदान डोळ्यांना खुपते. पण सत्त्याहत्तर पूर्णांक काही हा अक्षांश पृथ्वीवर खरोखरच आहे, अलास्काच्याही उत्तरेस, बर्फाच्या समुद्रात. कोणी नुसत्या अक्षांशांची सरासरी काढली, तर ती वरवर शहाण्यासारखीच दिसेल.

मी चाळणीत तिन्ही संकेत नावानिशी घातले. चाचणी उतरली. तरी समाधान होईना. जागा रिकामी केली की तो ठिपका नकाशावरून नाहीसा होतो, आणि नकाशा पाहणाऱ्याला वाटते की सारे अपघात समोर आहेत. एक माणूस नक्की गेलेला आहे, केवळ कोठे गेला ते लिहावयाचे राहिले आहे. म्हणून नकाशासोबत एक ओळ छापण्याची व्यवस्था केली, 'इतक्या अपघातांची जागा नोंदलेली नाही', आणि त्या ओळीचीही चाचणी लिहिली. गृहपाठात हे मागितलेले नव्हते. शेवटच्या तपासणीत तिन्ही सदरांत शून्य आले. आवृत्तीचा आकडा मी ०.१.० असा घातला आणि पॅकेज पाठवून दिले. सूनबाईंना फोन करून सांगितले. त्या म्हणाल्या, "आता तुम्ही झोपा नाना."

या अभ्यासक्रमात गृहपाठ शिक्षक तपासीत नाहीत, सहाध्यायी एकमेकांचे तपासतात. माझे पॅकेज ज्यांच्याकडे गेले, त्यांपैकी दोघांनी गुण देऊन सोडून दिले. तिसऱ्याने, नावगाव मला ठाऊक नाही, पण मदतीचा मजकूर शब्दशः वाचणारा तो माणूस होता, एक प्रश्न विचारला. महिनावार तक्त्याच्या फंक्शनवर मी लिहिले होते, 'हे फंक्शन प्रत्येक महिन्यात रस्त्यावर मृत्यू पावलेल्यांची संख्या देते.' त्याने विचारले, "संख्या मृतांची की अपघातांची?"

अर्थात अपघातांची. एका ओळीत एक अपघात. त्यात दोघे गेले असतील, चौघे गेले असतील, ते सांगणारा रकाना वेगळा आहे आणि माझे फंक्शन त्याला हातही लावीत नाही. सहा आठवडे त्या ओळींशी बसून, गल्लीतल्या त्या गृहस्थांना आठवून, मीच माणसांच्या जागी अपघात मोजले होते आणि मजकुरात त्यांना माणसे म्हटले होते. माझ्या एकाही चाचणीने हे पकडले नाही. आकडा बरोबर होता, चूक होती ती त्याला दिलेल्या नावात, आणि चाचण्या मजकूर वाचीत नाहीत.

त्याच रात्री मी तो मजकूर सुधारला. 'हे फंक्शन प्रत्येक महिन्यातील प्राणघातक अपघातांची संख्या देते, मृत व्यक्तींची नव्हे. अपघातानंतर तीस दिवसांनी अगर त्याहून उशिरा झालेले मृत्यू या आकडेवारीत धरलेले नाहीत.' लिहून झाल्यावर नियम पुन्हा काढून वाचला. तीस दिवसांच्या आतले धरावयाचे, असे त्यात होते. तिसावा दिवस कोणीकडे, हे माझ्या वाक्यात सैल पडले होते. 'तीस दिवसांनंतर' एवढेच ठेवले, आवृत्तीचा आकडा ०.१.१ केला, आणि त्या सहाध्यायाला आभाराचे चार शब्द लिहिले.